महू आणि डॉ. आंबेडकर नगर : जोडलेले तक्ते वेब-ग्रिडमध्ये दाखविताना

प्रस्तावना

इंदूर जिल्ह्यातील महू ही १८१८ मध्ये वसलेली लष्करी छावणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म येथे १४ एप्रिल १८९१ रोजी झाला. २००३ मध्ये गावाचे नाव 'डॉ. आंबेडकर नगर' असे करण्यात आले. रेल्वे स्थानकही आता याच नावाने ओळखले जाते. लोकांच्या बोलण्यात मात्र 'महू' टिकून आहे. त्यामुळे अशा गावचा विद्यार्थी प्रवेश अर्जावर कोणते नाव लिहील, हे सांगता येत नाही. महाविद्यालयातील नोंदी संगणकावर ठेवणाऱ्या शिक्षकांपुढे यातून जो प्रश्न उभा राहतो, त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तक्त्यांची रचना

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रारूपावर पुढे जी रचनापद्धती उभी राहिली, तिच्यानुसार एक माहिती एकाच जागी ठेवावी. म्हणून 'विद्यार्थी' तक्त्यात गावाचे नाव न लिहिता गाव क्रमांक लिहावा आणि नाव 'गाव' या तक्त्यात ठेवावे. नाव बदलले की एकच ओळ दुरुस्त करावी लागते. जुनी व प्रचलित नावे 'गावनावे' या तिसऱ्या तक्त्यात नोंदवावीत.

सर्व्हरवरील प्रक्रिया

नोंदी थोड्या असतील तर सगळ्या एकदम ब्राउझरकडे पाठविल्या तरी चालते. त्या हजारोंच्या घरात गेल्या की पान उघडण्यास वेळ लागतो. अशा वेळी डेटाटेबल्ससारखे ग्रिड सर्व्हरला कळविते, की कितव्या ओळीपासून, किती ओळी, कोणत्या स्तंभाच्या क्रमाने आणि कोणता शब्द शोधून हव्या आहेत. सर्व्हर तेवढ्याच ओळी परत देतो. सोबत एकूण नोंदींची संख्या व शोधानंतर उरलेल्यांची संख्याही देतो. ब्राउझरकडे केवळ पंचवीस ओळी असल्याने शोध, क्रम आणि मोजणी ही तिन्ही कामे सर्व्हरवरच झाली पाहिजेत. तक्ते जोडलेले असतील तर चुका नेमक्या येथेच होतात.

हरवणारे विद्यार्थी

समजा, महाविद्यालयात १२०० विद्यार्थी आहेत. त्यांपैकी १२ जणांच्या नोंदीत गाव क्रमांक रिकामा आहे. छावणीच्या गावात बदलीवर आलेल्या कुटुंबांबाबत असे सहज घडू शकते. 'विद्यार्थी' व 'गाव' हे तक्ते इनर जॉइनने जोडले तर हे १२ जण ग्रिडमध्ये येतच नाहीत. संख्याही त्याच जोडणीवरून मोजली असेल तर ग्रिडखाली ११८८ असा आकडा दिसतो आणि कोणाला शंका येत नाही. याच ग्रिडवरून शिष्यवृत्तीची यादी काढली, तर त्या १२ जणांचे अर्ज पुढे जात नाहीत. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही, म्हणून हा दोष सर्वांत फसवा म्हणावा लागेल.

येथे लेफ्ट जॉइन वापरावा आणि एकूण संख्या केवळ 'विद्यार्थी' तक्त्यावरून मोजावी. तरीही एक सापळा उरतो. लेफ्ट जॉइनने जोडलेल्या 'शिष्यवृत्ती' तक्त्यातील वर्षाची अट व्हेअरमध्ये लिहिली, तर शिष्यवृत्ती न मिळालेले सर्वजण गळतात आणि परिणाम इनर जॉइनसारखाच होतो. ही अट ऑनच्या भागात लिहावी.

दोनदा दिसणारे विद्यार्थी

उलट प्रकार 'महू' शोधताना होतो. शोधासाठी 'गावनावे' हा तक्ता सरळ जोडला, तर ज्या गावाची तीन नावे आहेत तेथील प्रत्येक विद्यार्थी जोडणीत तीनदा येतो. जितकी नावे शोधशब्दाशी जुळतील, तितक्या वेळा तो ग्रिडमध्ये दिसतो व संख्याही फुगते. डिस्टिंक्ट लावून हे झाकता येते, पण मोजणीच्या क्वेरीत ते लावायचे राहून जाते. त्यापेक्षा एक्झिस्ट्स वापरून 'या गावाचे असे एखादे नाव आहे का' एवढेच विचारावे. ओळी वाढत नाहीत. उरलेल्यांची संख्या व पानावरील ओळी यांना अटी शब्दशः सारख्याच असाव्यात.

क्रम व सुरक्षितता

गावानुसार क्रम लावल्यास एकाच गावच्या शेकडो ओळी समान ठरतात. समान ओळींचा आपसातील क्रम डेटाबेस दर वेळी तोच ठेवील अशी हमी नसते. त्यामुळे एकच विद्यार्थी पहिल्या व दुसऱ्या पानावर दिसतो आणि दुसरा कोणत्याच पानावर नसतो. क्रमाच्या शेवटी विद्यार्थी क्रमांक जोडला की हे थांबते. 'नाव' हा स्तंभ दोन्ही तक्त्यांत असल्यास तक्त्याच्या उल्लेखासह लिहावा व त्याला वेगळे टोपणनाव द्यावे. ब्राउझरकडून आलेले स्तंभनाम क्वेरीत थेट घालू नये, आपल्या ठरलेल्या यादीशी ताडून घ्यावे. शोधशब्द पॅरामीटर म्हणूनच द्यावा.

चाचणीसाठी चार नोंदी पुरतात : दोन विद्यार्थी महूचे, एक अन्य गावचा, एक गाव क्रमांक नसलेला. शोध रिकामा असताना चारही दिसावेत. 'महू' लिहिल्यावर दोन व 'आंबेडकर' लिहिल्यावर तेच दोन, प्रत्येकी एकदाच दिसावेत, आणि ग्रिडखालील आकडा दोन्ही वेळा 'एकूण ४ पैकी २' असा यावा.