माइकवरची केसाळ टोपी

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दरीतून वर उसळणारा वारा कॅमेऱ्याला त्रास देत नाही, माइकला देतो. दृश्य झकास येतं आणि बोलणं घरघरीत बुडतं. त्यावर माइकला केसाळ टोपी घालतात. शोभेची वाटणारी ही टोपी नेमकं करते काय?

गैरसमज: घरघर म्हणजे वाऱ्याचाच आवाज.
वस्तुस्थिती: झाडांतली सळसळ हा दुरून आलेला ध्वनी असतो. घरघर मात्र माइकपाशीच तयार होते. झोत माइकवर आदळला की भोवरे उठतात, हवेचा दाब क्षणोक्षणी बदलतो आणि माइकमधला पातळ पडदा हेलकावतो.

गैरसमज: वारा अडवायचा तर कापड जितकं जाड तितकं चांगलं.
वस्तुस्थिती: किनाऱ्यावरचं सुरूचं बन वाऱ्याचा जोर जिरवतं, तसेच हे कृत्रिम केस झोताचा वेग मोडतात. ध्वनिलहरीचं तसं नसतं. तिच्यात हवा वाहत नाही, जागच्या जागी थरथरते, म्हणून ती केसांतून आत पोचते. केसांखालचं कापड घट्ट विणीचं असेल तर मात्र ‘स’, ‘श’ बोथट होतात.

गैरसमज: माइकसोबत मिळणारा स्पंज पुरेसा आहे.
वस्तुस्थिती: ‘प’, ‘फ’ उच्चारताना सुटणारी फुंकर किंवा हलकी झुळूक स्पंज थोपवतो. उघड्यावरच्या वाऱ्याला केसच हवेत. चित्रपटांचे ध्वनिमुद्रक तर माइक जाळीच्या लांबट पिंजऱ्यात टांगतात आणि त्यावर केसाळ आवरण चढवतात. 1969 साली सुरू झालेली ब्रिटनची रायकोट कंपनी अशाच साधनांसाठी ओळखली जाते. पिंजऱ्यात माइकभोवती जवळजवळ स्थिर हवा राहते. ही पोकळी जितकी मोठी, तितकं संरक्षण जास्त.

गैरसमज: एका दिशेचा आवाज टिपणारा शॉटगन माइक वाऱ्यातही सरस.
वस्तुस्थिती: तो दाबातल्या फरकावर चालतो, त्यामुळे चहूकडचं टिपणाऱ्या माइकपेक्षा वाऱ्याला लवकर बळी पडतो.

गैरसमज: उरलेलं एडिटिंगमध्ये साफ होतं.
वस्तुस्थिती: साधारण 80 ते 100 हर्ट्झखालचा भाग कापणारा फिल्टर थोडी घरघर घालवतो. पण जोराच्या वाऱ्याचा गोंगाट त्याच्याही वर, थेट माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात शिरतो. रेकॉर्डिंगची पातळी मर्यादेबाहेर जाऊन लहरींचे माथे छाटले गेले असतील, तर तिथला मूळ आवाज नोंदवलेलाच नसतो.

टोपीचीही निगा लागते. भिजलेले केस चिकटून बसले की हवा आणि ध्वनी दोन्हींचं गणित बिघडतं. पावसाळी चित्रीकरणानंतर ती वाळवून हलक्या हाताने विंचरावी आणि पुढच्या वेळी बोलणं सुरू करण्याआधी हेडफोनवर एकदा ऐकून पाहावं.