मुलींचा खो-खो आणि तीन पक्षांचे वचन

सॉफ्टबॉल नावाचा चेंडूफळीचा एक खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी जन्मास आला, आणि पुढे तो त्या देशातील मुलींचा एक आवडता खेळ होऊन बसला. लहान मुलांच्या खेळांची व्यवस्था पाहणाऱ्या तेथील लिट्ल लीग ह्या संस्थेने १९७४ साली मुलींकरिता ह्या खेळाची स्वतंत्र शाखा उघडली. आपल्या राज्याच्या शालेय स्पर्धांतही हा खेळ आहे. परंतु महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात त्याचे हातमोजे, फळ्या आणि विस्तीर्ण मैदान आणावयाचे कोठून, हा प्रश्नच आहे. म्हणून त्या खेळाचे नियम सांगण्याचा आमचा हेतू नाही. तिकडील कित्येक संघांत पाळली जाणारी एक चाल मात्र आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. मोसमाच्या आरंभी क्रीडाशिक्षक, खेळाडू मुली व त्यांचे आईबाप एकत्र बसतात, आणि आपण काय करू व काय करणार नाही हे प्रत्येक पक्ष कागदावर वाचून त्याखाली सही करतो.

आपल्याकडे संघ निवडला म्हणजे पालकांचे संमतिपत्र तेवढे घेतले जाते. मुलीचे वचन तोंडी असते, आणि शिक्षकाचे वचन तर कोणी मागतच नाही. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. ज्याच्या हाती अधिक सत्ता त्याने आधी बांधून घ्यावे, व जिच्या हाती सर्वांत थोडे तिच्याकडून सर्वांत शेवटी वचन मागावे. असे झाले नाही तर संमतिपत्र हा नुसता दप्तरात लावून ठेवण्याचा कागद होतो, आणि आठवी-नववीत उत्तम खेळणारी मुलगी दहावीत मैदानावरून दिसेनाशी झाली तरी, हे कोणाच्या हातून झाले, हे कोणासच सांगता येत नाही.

आमच्या खोऱ्यात ही चाल आणावयाची तर ती खो-खोच्या मैदानावर आणावी. हा खेळ आपला. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्यास नियमांत बसविले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस भरलेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताच्या महिला संघाने प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. त्यास सामग्री म्हणावी तर दोन खांब, चुन्याची फक्की आणि बारा मुली. गरीब शाळेस परवडणारा दुसरा खेळ आमच्या माहितीत कबड्डीच काय तो आहे.

ह्या खेळात गैरहजेरी इतकी का जाचते हे त्याची रचना पाहिल्याखेरीज कळावयाचे नाही. दोन खांबांमधील पाटीवर आठ मुली उकिडव्या बसतात. एकीचे तोंड पूर्वेस तर शेजारणीचे पश्चिमेस. नववी पाठलाग करते. तिने एकदा दिशा धरली की मागे फिरावयाचे नाही आणि मधली पाटी ओलांडावयाची नाही. पळणाऱ्या मुलीस मात्र कोठेही शिरण्याची मोकळीक. तेव्हा पाठलाग करणारीच्या हाती एकच उपाय राहतो. बसलेल्या सखीच्या पाठीस हात लावून ‘खो’ म्हणावयाचे व आपण तिच्या जागी बसावयाचे. पळणाऱ्या तीन-तीन मुली मैदानात उतरतात. त्या गडी बाद होतात ते एकीच्या वेगामुळे क्वचितच. बहुधा नवव्या जणीला काय दिसले ते तिसऱ्या जागेवर बसलेलीने आधीच ओळखलेले असते म्हणून. ही ओळख रोजच्या सहवासाने येते. नऊंतील एक जण आली नाही तर तिच्या जागी दुसरी बसविता येते हे खरे. परंतु ती दुसरी कोणत्या क्षणी उठेल हे शेजारणीस ठाऊक नसते, आणि त्या दिवसाचा सराव म्हणजे नुसती धावपळ होते. धावण्याच्या शर्यतीत न आलेली मुलगी स्वतःचेच नुकसान करते. येथे ती आठ जणींचे करते.

म्हणून शिक्षक मुलींस बजावतात, ‘एकही दिवस चुकवू नका.’ वाक्य बरोबर आहे. पण ते ऐकणाऱ्या मुलीचा दिवस कसा जातो?

महाड शहरातील मुलगी चालत घरी जाऊ शकते. कापडे, उमरठ किंवा वरंध ह्या बाजूंच्या वाडीवरून येणाऱ्या मुलीची गोष्ट निराळी. (उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. तेथील मुलीस ‘चिकाटी धर’ असे सांगताना शिक्षकाने थोडे जपूनच बोलावे!) सकाळी पाणी, चूल, धाकटी भावंडे, मग एस्. टी., किंवा फाट्यापर्यंत पायपीट व तेथून एस्. टी. शासनाने शाळकरी मुलींस एस्. टी.चा पास मोफत दिला आहे व ही फार मोलाची गोष्ट आहे; परंतु पास असून गाडी नसली तर उपयोग काय? शाळा सुटल्यावर एक तास सराव केला की सोयीची गाडी निघून जाते, आणि पुढची गाडी वाडीच्या फाट्यावर पोहोचते तेव्हा काळोख झालेला असतो. जुलैत लावणी असते, दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणी असते. ज्या घरातील कर्ता पुरुष मुंबईस नोकरीला आहे त्या घरी शेतावर दोनच हात असतात, ते आईचे. आणि तिसरा-चौथा हात म्हणजे हीच आमची खेळाडू.

अशा मुलीकडून ‘रोज येईन’ असे वचन घेणे म्हणजे परक्याच्या शेतावर कर्ज काढण्यासारखे आहे. तिने काय वचन द्यावे? जे तिच्या हाती आहे ते. येणार नसेल तर आदल्या दिवशी सांगावे. आली म्हणजे मन लावून खेळावे. राखीव म्हणून बसावे लागले तरी तोंड वाकडे करू नये. पाय मुरगळला असेल तर सामना हुकेल ह्या भीतीने लपवू नये. हरल्यावर ज्या सखीमुळे गडी सुटला तिचे नाव घेऊ नये. आमच्या अनुभवात पराभवाने संघ मोडत नाहीत, परतीच्या गाडीतील बोलण्याने मोडतात. इतके पुरे आहे. अभ्यासाचे वचन खेळाच्या कागदात घालावे असे काही शिक्षकबंधूंचे मत आहे. आम्हांस ते पटत नाही, कारण अभ्यासाचे वचन तिने शाळेत पाऊल टाकले तेव्हाच दिलेले आहे.

आता शिक्षकाकडे वळू. त्याचे पहिले कर्तव्य खेळातील नाहीच, ते एस्. टी.च्या वेळापत्रकातील आहे. प्रत्येक मुलीची शेवटची सुरक्षित गाडी कोणती हे त्याच्या वहीत लिहिलेले असावे, आणि त्या गाडीच्या आधी सराव आटोपावा, मग डाव रंगात आलेला असो वा नसो. संध्याकाळ जमत नसेल तर मधल्या सुटीचा अर्धा तास घ्यावा, शनिवारची सकाळ घ्यावी. ‘सर, पोरीला खेळवा, पण काळोख व्हायच्या आत घरी धाडा,’ ह्या अर्थाचे वाक्य आम्ही अनेक मातांच्या तोंडून ऐकले आहे. त्यात खेळास विरोध कोठे आहे? ती माता अर्धे वचन देऊन चुकली आहे, उरलेले अर्धे शिक्षकाने द्यावयाचे आहे.

दुसरे कर्तव्य पावसाळ्याचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडील मैदान म्हणजे तळे, आणि जुलै २०२१ सारखा महापूर आला तर गाळ निराळाच. पाऊस धड सरला नसतो तोच तालुक्याच्या स्पर्धा येऊन ठेपतात. जो शिक्षक मैदान सुकण्याची वाट पाहतो तो मुलींस दोन आठवड्यांच्या तयारीवर उतरवितो, आणि मग गुडघे व घोटे दुखावतात. वस्तुतः खो-खोचा अर्धा भाग शाळेच्या ओसरीत शिकविता येतो. उकिडवे बसून एका झेपेत उठणे, ‘खो’ देण्यापूर्वी शब्द व स्पर्श जुळविणे, कमरेत वाकून वळणे, ह्यास वीस हात जागा पुष्कळ झाली. सूर मारणे तेवढे ओल्या फरशीवर करू नये.

तिसरे कर्तव्य नाजूक आहे, आणि म्हणूनच ते स्पष्ट लिहिणे बरे. मुलींच्या संघाबरोबर परगावी जाताना एक शिक्षिका असलीच पाहिजे. शिक्षक कितीही सद्वर्तनी असला तरी हा नियम त्याच्या अब्रूच्याही रक्षणाचा आहे. महिन्याच्या त्या चार दिवसांत मुलीस खेळावेसे वाटत नसेल तर ते तिला शिक्षिकेपाशी सांगता यावे. खेळावेसे वाटत असेल तर कोणी अडवू नये. मार देणे, चारचौघांत वजनावरून किंवा रंगावरून बोलणे, ह्या गोष्टी अद्याप काही मैदानांवर चालतात. ह्यास शिस्त म्हणणाऱ्यांशी आमचे मुळीच जमत नाही.

शिक्षकाचा शब्द किती दूर नेतो ह्याचे उदाहरण मराठवाड्यात आहे. धाराशिवची सारिका काळे ही भारतीय खो-खो संघाची कर्णधार झाली. तिच्या नेतृत्वाखाली २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले, आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार लाभला. घरची स्थिती अशी की कित्येक वर्षे दिवसातून एकच वेळ जेवण मिळे, असे तिने स्वतः सांगितले आहे. २०१६ सालीच घरच्या ओढाताणीने खचून जाऊन तिने खेळ सोडण्याचा विचार केला होता. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव ह्यांनी समजूत घातल्यावर ती पुन्हा मैदानावर आली. ह्या हकीकतीत मुलीची जिद्द सर्वांस दिसते. पण ज्या दिवशी जिद्दही संपली त्या दिवशी प्रशिक्षकाचे बोलणे उपयोगी पडले, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. आलेल्या मुलीस शिकविणारे पुष्कळ असतात. न आलेल्या मुलीची चौकशी करणारे थोडे.

पालकांविषयी लिहिताना आमचा सूर कदाचित कठोर होईल, त्याची क्षमा असावी. सही करणे म्हणजे परवानगी देणे एवढेच नव्हे. स्पर्धेच्या आठवड्यात मुलीच्या वाट्याचे काम दुसऱ्या कोणीतरी उचलावयाचे असते, आणि तो ‘कोणीतरी’ पुष्कळदा तिचा भाऊ असावयास हवा. तो बाहेर क्रिकेट खेळत असेल तर त्याचा सराव कोणी भांडी घासण्यासाठी थांबविला आहे काय? दुसरी गोष्ट, सकाळी उपाशी पोटी मुलगी धाडू नये. नाचणीची भाकरी आणि वाटीभर उसळ घरात असतेच, ती तिच्या पानात आधी वाढावी. तिसरी, चाचणीत गुण कमी पडले की ‘खेळ बंद’ ही शिक्षा फार सोपी म्हणून फार वापरली जाते. शिक्षा व्हावयाची ती तिलाच, पण भोगतात उरलेल्या आठ जणी.

काही पालक उलट टोकास जातात. खेळाडूंस दहावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत पाच टक्के जागा राखीव असतात, हे ऐकून ते मुलीच्या मागे लागतात. ही सवलत योग्यच आहे. परंतु तिचा मार्ग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा चढणीचा आहे. रायगड जिल्हा मुंबई विभागात मोडत असल्यामुळे आमच्या मुलींची गाठ विभागात मुंबई-ठाण्याच्या कसलेल्या संघांशी पडते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीपुढे नोकरीचे आमिष ठेवून तिला मैदानावर धाडणे म्हणजे तिच्या खेळण्याचा आनंद गहाण टाकणे होय. आणि सामन्याच्या वेळी रेषेबाहेर उभे राहून पंचास शिव्या देणाऱ्या बापाविषयी आम्ही काय लिहावे? त्याची मुलगी त्या वेळी खाली मान घालून पाटीवर बसलेली असते.

मुख्याध्यापकांकडून एकच वचन हवे: सामन्याच्या प्रवासाचा खर्च मुलींकडून घ्यावयाचा झाला तर तो किती हे यादी लावण्यापूर्वी सांगावे, म्हणजे ज्या घरी पैसे नाहीत तेथील मुलीस आजारपणाचे निमित्त काढावे लागणार नाही.

राहिली कागदावर सह्या घेण्याची वेळ. जूनमध्ये पालकसभा बोलाविली तर येते ती एकटी आई, आणि ती म्हणते, ‘त्यांना विचारून सांगते.’ ते असतात मुंबईस. मोबाइलवर विचारले म्हणजे घाईचे ‘बरं’ मिळते किंवा घाईचे ‘नको’. गौरी-गणपतीस मात्र चाकरमानी झाडून गावी येतो. त्या सुटीतील एक दिवस शिक्षकाने व शिक्षिकेने मिळून वाडीवर जावे, आईबाप दोघांस समोर बसवून प्रथम आपले वचन वाचून दाखवावे, त्यावर आपली सही करावी, मग कागद त्यांच्या पुढे सरकवावा. मुलीस शेवटी बोलवावे. कोणत्याही घरून चहा व मोदक घेतल्यावाचून सुटका होत नाही. तेव्हा एका दिवसात तीनच घरे धरावीत, आणि परतीची गाडी आधी विचारून ठेवावी.