लोणारच्या सरोवराकडे एका दिवसाची पायपीट

शाळेची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला येतो, नाहीतर समुद्र येतो. दोन्ही चांगलेच, पण दोन्हीला मोटारीचे भाडे लागते आणि मुक्कामाची सोय पाहावी लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या गुरुजींनी जरा जवळ पाहावे. बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. मेहकर, मंठा, जालना या बाजूंनी तिथे एस.टी. येते. सकाळी उतरावे, रानातून तळ्यापर्यंत चालत जावे, दिवस मावळायच्या आत परत वर यावे. धट्ट्याकट्ट्या माणसाला यात काही अवघड नाही. मुलांना तर नाहीच नाही.

निघण्यापूर्वी घरी एक छोटी तयारी करा. हळद पाण्यात दाट कालवून ती टीपकागदावर सारवा, कागद सावलीत वाळवा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. प्रत्येक मुलाच्या खिशात दोन पट्ट्या असू द्या. त्यांचे काम पुढे येईल.

लोणारच्या सपाट माळावरून चालताना पुढे तळे आहे याची कल्पनाही येत नाही. वाट जराशी चढते, आणि एकदम पायांखालची जमीन संपते. खाली मोठ्या परातीसारखा खड्डा, आतल्या उतारांवर झाडी, आणि तळाशी हिरवट पाणी. खड्ड्याची रुंदी सुमारे 1.8 किलोमीटर आहे आणि खोली दीडशे मीटरांच्या आत-बाहेर. इथे मुलांना दहा मिनिटे नुसते बसू द्या. कडेने कडेने नजर फिरवायला सांगा आणि विचारा, हा एवढा गोल खड्डा केला कोणी?

जुन्या लोकांनी याचे उत्तर दिलेले आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे भूमीत राहत होता, विष्णूने त्याला मारले, अशी कथा आहे. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ तिचीच आठवण सांगते. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेकडे आपल्या लोकांचे लक्ष वेधले. पुढे दीर्घकाळ शास्त्रज्ञांत वाद चालला. कोणी म्हणे हे ज्वालामुखीचे तोंड, कोणी म्हणे जमीन खचली. दख्खनचा सगळा काळा पाषाण लाव्हाचाच, तेव्हा ज्वालामुखीची शंका येणे साहजिक होते. पण 1973 साली अमेरिकन आणि भारतीय भूशास्त्रज्ञांनी इथल्या दगडांचा पुरावा मांडला. साध्या उष्णतेने होत नाही, अचाट दाबाच्या एका तडाख्यानेच होते, अशा जातीची काच त्यांना खनिजांत सापडली. म्हणजे आकाशातून अशनी येऊन इथे आदळला होता. केव्हा, यावर मात्र एकमत नाही. एका पद्धतीने मोजले तर बावन्न हजार वर्षे येतात, आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीत सुमारे पाच लाख सत्तर हजार. मुलांना दोन्ही आकडे सांगा. शास्त्रातही तंटे असतात हे त्यांना कळलेले बरे.

आता उतरायला लागू. वरच्या अंगाला धार नावाचे ठिकाण आहे. गोमुखातून झऱ्याचे पाणी पडते आणि लोक श्रद्धेने स्नान करतात. या पाण्यात हळदीची पट्टी बुडवून पाहा. पिवळी ती पिवळीच राहते. पाणी गोडे आहे.

वाट खाली रानातून जाते. साग, कडुनिंब, सीताफळ. पायांखाली पाला वाजतो. मोर दिसला नाही तरी ऐकू येतो, आणि वानरे तर तुमच्या शिदोरीवर डोळा ठेवूनच असतात. हे 2000 सालापासून अभयारण्य आहे, म्हणून वनखात्याच्या माणसाला विचारून उतरावे आणि दगड, पाला, पिसे काही उचलू नये. जुनी देवळे झाडीत जागोजागी आहेत. कमळजादेवीचे तर अगदी काठाशी. पाणी चढले असेल तर काठची बांधकामे पाण्यात आलेली दिसतात.

तळ जवळ आला की झाडांची जात बदलते. साग मागे राहतो, बाभळी लागतात, मग तीही नाहीत, नुसता चिखल आणि त्यावर पांढुरकी पापडी. नाकाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. चिखलात पाय घालू नका. काठावरून हात पोचेल तिथे दुसरी पट्टी बुडवा.

पट्टी तांबडी होते!

मुलींना याचे फारसे नवल वाटणार नाही. परकरावरचा हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, हे त्यांनी घरी पाहिलेले असते. खार जिथे, तिथे हळद तांबडी. या तळ्याचे पाणी साबणासारखे खारट आहे, आणि कारण सोपे आहे: पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. काळ्या दगडातले क्षार झिजून पाण्यात उतरतात, ऊन पाणी उडवून नेते, क्षार मागे राहतात. बंबाच्या तळाशी थर बसतो ना, तसेच. पापडात आपण घालतो तो खार याच जातीचा. पूर्वी इथला खार काढून विकत असत, आणि काच आणि साबण यांना लागणाऱ्या इथल्या मालाचा उल्लेख अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे.

अशा पाण्यात जगणारे जीव निराळेच. पाण्याला हिरवा रंग देणारे सूक्ष्म शेवाळ खारातच वाढते. 2020 सालच्या जूनमध्ये तर सगळे तळे गुलाबी झाले आणि लोक थव्याने पाहायला आले. शाप, चमत्कार, काय वाटेल ते बोलले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. पाणी आटून खार वाढला होता, आणि त्या तीव्र खारात गुलाबी रंगाचे सूक्ष्म जीव माजले होते. काही काळाने रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर करारातील महत्त्वाच्या पाणथळांत स्थान मिळाले.

आता हातातल्या दोन्ही पट्ट्या शेजारी धरा. या तळ्याचा जीव त्या दोन रंगांमधल्या अंतरात आहे. आपण एरवी म्हणतो, गोडे पाणी येऊ द्या, त्यात वाईट काय? इथे तेच उलटे पडते. गोडे पाणी फार मिसळले तर खार विरतो, आणि खारावर जगणारे हटून भलतेच जीव शिरतात. त्यात गावचे सांडपाणी उतरले तर आणखी बिघाड. ही तक्रार जुनी आहे. सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न नागपूरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेलेला आहे. म्हणून धारेवर कोणी साबण लावून कपडे धूत असेल तर मुलांना तो ओघळ कुठे जातो ते वरूनच बोटाने दाखवा. रागावण्याचे कारण नाही. ओघळ दाखवला की पुरे.

शिदोरी खाली उघडू नये, वर येऊन खावी. एक तर वानरे, दुसरे कागद-पिशव्या. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा आणि पाण्याच्या बाटल्या खाली रिकाम्या करू नका, कारण तळ्याचे पाणी पिण्याचे नाही. थंडीत सूर्य लवकर कलतो आणि खड्ड्यात सावली वरच्यापेक्षा आधी पडते. तीन वाजले की परत फिरा.