अट लिहायची कुठे?

महाराष्ट्र सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीची (आधारवरून ओळख पडताळण्याची) मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढली, पण खरी बातमी मुदतवाढीच्या पोटात होती. पती-वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित महिलांना वेगळी वाट मिळाली: स्वतःची केवायसी करायची आणि मृत्यू प्रमाणपत्र किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. तोवर फॉर्म सगळ्यांकडे सरसकट पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी मागत होता. कोल्हापुरातली मंगळवार पेठ असो की मेळघाट, वडीलही नसलेली विधवा त्या चौकटीपाशी अडणारच होती.

नियम अपुरा होता तो धोरणात. पण तो पडद्यावर दुरुस्त करायला बसलं की सॉफ्टवेअरवाल्यांचा एक जुना वाद उभा राहतो. ‘अमुक असेल तरच ही चौकट दाखवा’ ही अट लिहायची कुठे?

वेबपानं ज्यात लिहितात ती एचटीएमएल ही वर्णनाची, म्हणजे मार्कअप, भाषा. इथे लेबल, इथे चौकट, ही भरलीच पाहिजे, एवढं ती सांगते. बाकीचं ब्राउझर बघतो. तिच्यात ‘जर-तर’ नाही आणि हे दुबळेपण मुद्दाम राखलेलं आहे. काम भागेल तेवढ्याच ताकदीची भाषा वापरा, असा वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा आग्रह. त्याचा फायदा रोकडा आहे. स्क्रीन रीडर लेबल वाचून दाखवतो, अनोळखी टॅग आला तरी पान कोसळत नाही, आणि चौकटीपुढे ‘रिक्वायर्ड’ हा शब्द दिसला की ती सक्तीची आहे हे प्रोग्रॅम न चालवताही कळतं.

अट मात्र जावास्क्रिप्टमध्ये जाते. फॉर्म वाचणाऱ्याला ती दिसतच नाही.

अट मार्कअपमध्येच आणायचे प्रयत्नही झाले. मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये विंडोज ॲपचे पडदे रचायच्या डब्ल्यूपीएफबरोबर झॅमल ही मार्कअप भाषा आणली, तिच्यात अटीसाठी ट्रिगर आणि पडदा डेटाशी जोडायला बाइंडिंग आले. बाइंडिंगने साधी चौकट लपवायची तरी ‘खरं-खोटं’चं ‘दिसेल-लपेल’ करून देणारा कन्व्हर्टर मध्ये घालावा लागतो. अँड्रॉइडच्या एक्सएमएलमध्ये डेटा बाइंडिंगने अख्खी अट अवतरणचिन्हांत कोंबली. धड वर्णन नाही, धड प्रोग्रॅम नाही! ॲपलच्या स्विफ्टयूआयने (२०१९) आणि गुगलच्या जेटपॅक कंपोजने (२०२१) मग वेगळी मार्कअप भाषाच सोडून दिली. स्विफ्ट किंवा कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषांत सरळ ‘इफ’ लिहा. प्रोग्रॅमर सुखावला, पण फॉर्म आता फक्त त्यालाच वाचता येतो. खेळाच्या ॲपला हे चालेल. ज्या फॉर्मवर बाईचे महिन्याचे दीड हजार रुपये अवलंबून आहेत, त्याला हा सौदा फार महाग पडतो.

यावर चांगलं उत्तर आधीच सापडलं होतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २००३मध्ये एक्सफॉर्म्स हे फॉर्मचं मानक प्रमाणित केलं. त्यात ‘रेलेव्हंट’ नावाचा गुण आहे: हा प्रश्न कोणत्या परिस्थितीत लागू, ते फॉर्मच्या वर्णनातच लिहायचं. ब्राउझरवाल्यांनी ते उचललं नाही. मात्र क्षेत्रीय सर्वेक्षणांसाठी वापरल्या जाणाऱ्या ओडीकेमध्ये ते तगलं. तिथे फॉर्म चक्क एक्सेलमध्ये लिहितात. एका ओळीत एक प्रश्न. एका रकान्यात मराठी लेबल, दुसऱ्यात अट. ‘पतीचा आधार क्रमांक’ या ओळीत अटीचा रकाना कोरा असला, तर हा प्रश्न विधवेलाही विचारला जाणार हे उघड दिसतं.

ओडीकेचा पडदा साधा असतो, प्रश्नाखाली प्रश्न. नक्षीकामाला तिथे फारसा वाव नाही. तरीही सरकारी योजनेचा फॉर्म असाच लिहावा आणि सुरू होण्याआधी तो तक्ता छापून अंगणवाड्यांत पाठवावा. कोरा रकाना ओळखायला सेविकेला कोटलिन यावं लागत नाही.