मोटारीचे इंजिन तापते केव्हा?

मोटारीचे इंजिन तापू लागले की आपल्याकडे दोन उपाय तत्काळ सुचविले जातात: रेडिएटरमध्ये पाणी ओतणे आणि थर्मोस्टॅट काढून टाकणे. पहिल्याने तात्पुरती सोय होते. दुसऱ्याने बहुधा मूळ दोष झाकला जातो. वस्तुतः इंजिन केव्हा तापते, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. त्याच्या उत्तरातच निम्मे निदान असते.

इंधनाच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक-तृतीयांश उष्णता शीतक द्रव वाहून नेतो. पंप त्यास इंजिनातून रेडिएटरकडे फिरवितो आणि तेथे वारा ती उष्णता हिरावून घेतो. गाडी बाजारातील गर्दीत तापते, परंतु मोकळ्या रस्त्यास लागताच काटा खाली येतो, असे आढळल्यास पंख्यावर संशय घ्यावा. फ्यूज, रिले व पंख्याची मोटर तपासण्यापूर्वी रेडिएटर उतरविण्याचे कारण नाही. याउलट, भरधाव वेगात वा चढणीवरच इंजिन तापत असेल, तर द्रवाचा प्रवाह अपुरा आहे असे समजावे. अशा वेळी रेडिएटरची वरची नळी कढत आणि खालची थंड लागली, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असावा, रेडिएटर तुंबला असावा, अथवा पंप निकामी झाला असावा.

थर्मोस्टॅट सामान्यतः ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो. उष्ण प्रदेशात त्याची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. तो काढल्यास इंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते आणि इंधन अधिक जळते. काही इंजिनांत तर तो नसला की गरम द्रवाचा काही भाग रेडिएटर टाळून आडवाटेनेच फिरत राहतो. म्हणजे उपाय उलटतो!

उदगीरसारख्या ठिकाणी पाण्याचा विचार विशेष अगत्याचा आहे. बालाघाटच्या या पठारावरील विहिरी व बोअर काळ्या पाषाणातील पाण्यावर चालतात. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते तापले की चुनखडीसारखा थर नळ्यांत बसतो. थर पातळ असला तरी उष्णतेस अडवितो. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे ऊर्ध्वपातित पाण्याचा आग्रह काहींना चैन वाटेल. परंतु येथे प्रश्न अवघ्या काही लिटरांचा आहे. कूलंट व असे पाणी यांचे मिश्रण वापरल्यास थर बसत नाही, गंजही आवरतो.

उदगीर समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटर उंचीवर आहे. येथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरच्या झाकणाने आत सुमारे ०.९ बार अधिक दाब राखला, तर तेच पाणी ११८ अंशांपर्यंत टिकते. झाकणाचे रबर झिजले किंवा स्प्रिंग सैल पडली की हा लाभ नाहीसा होतो. एवढ्या स्वस्त भागाकडे मिस्त्री शेवटी पाहतात, हे नवल आहे. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कदापि उघडू नये; दाब सुटताच पाण्याची वाफ उसळून हात व चेहरा भाजतो.

काटाही फसवितो. द्रव बराच गळून गेला आणि संवेदक कोरडा पडला, तर इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. तापलेल्या इंजिनाचा काटा एकाएकी उतरला, तर गाडी थांबवावी.

सर्वांत गंभीर दोष हेड गॅस्केटचा. थंड इंजिन सुरू करताच थोड्या वेळात नळ्या ताठरणे, द्रवात सतत बुडबुडे येणे, निकासातून न थांबणारा पांढरा धूर, तेल दुधाळ होणे, ही त्याची चिन्हे होत. एकट्या चिन्हावर मात्र निर्णय देऊ नये. गॅस्केट बदलण्यापूर्वी हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टी व फीलर गेजने तपासून घ्यावा. ॲल्युमिनियमचे हेड अतितापाने वाकलेले असेल, तर त्यावर बसविलेले नवे गॅस्केटही फार काळ टिकत नाही.