ट्रॅक्टर येतो ना, मग झालं!

फोर्कलिफ्टवरची क्षमतेची पाटी आज ओळीने वाचायची असं ठरलं होतं. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसच्या सुपरवायझरांचं पत्र आलंय, आणि त्यांचा हंगाम माझ्या पाटीसाठी थांबणार नाही. त्यांचा लेबर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "साहेब, पोरगा मिसरूड फुटल्यापासून ट्रॅक्टर चालवतोय. फोर्कलिफ्टचं त्याला काय एवढं? दोन दिवसांत हात बसेल." सुपरवायझर विचारतात, खरं का हे?

हात दोन दिवसांत नक्की बसतो, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. ज्याने आयुष्यात सायकलीपलीकडे काही चालवलं नाही तो पोरगा बिचकत शिकतो, दहादा विचारतो. ट्रॅक्टरवाला विचारत नाही. त्याच्या हातापायांत सवयी मुरलेल्या असतात, शेतात त्या बरोबरही असतात. फोर्कलिफ्टवर त्यातल्या निम्म्या उलट्या पडतात.

फोर्कलिफ्टचा तोलाचा त्रिकोण आपण मागे पाहिला आहेच. पुढची दोन चाकं हा पाया आणि मागच्या ॲक्सलच्या मधला खिळा हे टोक. आता ट्रॅक्टर आठवा. त्याचाही पुढचा ॲक्सल मधल्या खिळ्यावर झुलतो, म्हणून तर एक चाक सरीत आणि एक वरंब्यावर असलं तरी गाडी चालते. म्हणजे ट्रॅक्टरही त्रिकोणावरच उभा असतो, फक्त त्याचा पाया मागे आणि टोक पुढे. ट्रॉली वर जोडली किंवा चढावर क्लच झटक्यात सोडला की ट्रॅक्टर उलाळ होतो, पुढची चाकं हवेत जातात, हे दिंडोरीच्या पोराला सांगावं लागत नाही. त्याला एवढंच म्हणायचं, तुझा ट्रॅक्टर उलटा फिरवून बस. आता ओझं पाया असलेल्या बाजूला, पुढे आहे, आणि जड झालं तर मागची चाकं उचलतील. मागची चाकं म्हणजे वळणारी चाकं. ती उचलली की स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. हे मी जमिनीवर खडूने दोन्ही त्रिकोण काढून दाखवतो. फळ्यावर काढलं तर कोणी बघत नाही.

आता पॅकहाऊसची खास गोष्ट. द्राक्षाचं पॅलेट उंच असतं पण फार जड नसतं, पाऊण टनाच्या आगेमागे. दोन टनी गाडीला ते काहीच नाही. त्यामुळे पोराला वाटतं, भरलेल्या फेरीत जपायचं, रिकाम्या फेरीत सुटायचं. कंटेनरमध्ये पॅलेट ठेवलं की परतताना तो गाडी पळवतो आणि प्रीकूलिंगच्या दाराशी झपकन वळतो. गाडी आडवी होण्याचा धोका नेमका इथे जास्त. काट्यांवर ओझं असलं की गुरुत्वमध्य पुढे, त्रिकोणाच्या रुंद भागात सरकतो. ओझं उतरलं की काउंटरवेटमुळे तो मागे, निमुळत्या टोकाकडे जातो. तिथे कडेला जायला जागाच थोडी. गाडी रिकामी म्हणजे हलकी, हीसुद्धा समजूतच. दोन टनी फोर्कलिफ्ट रिकामी असतानाच तीन टनांच्या वर भरते.

शेपटीचं दुखणं वेगळं. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर वळवताना माणूस आधी बाहेर जातो, मग वळतो, कारण ट्रॉली आतल्या अंगाला कापते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे तिचं ढुंगण बाहेर फेकलं जातं. वळणाच्या आतल्या कोपऱ्याला चिकटून राहायचं आणि मान बाहेरच्या बाजूला मागे वळवायची. ट्रॅक्टरवाला सवयीने बाहेर जातो, काट्यांकडे बघतो, आणि मागे क्रेट मोजत उभी असलेली बाई त्याला दिसत नाही. शीतगृहात बॅटरीची गाडी चालते, द्राक्षाला धूर नको म्हणून. तिचा आवाज जवळजवळ नसतोच, तेव्हा त्या बाईलाही काही ऐकू येत नाही.

पण सुपरवायझरांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर उडीची ठेवावी. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना वर लोखंडी चौकट नसते. उलटायला लागला तर उडी मारून जीव वाचव, हे पोरगा लहानपणापासून ऐकत आलेला असतो. फोर्कलिफ्टला डोक्यावर जाळीचं छप्पर असतं. गाडी कलली आणि चालकाने कलत्या बाजूला उडी मारली, तर ते छप्पर त्याच्याच अंगावर येतं. अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेने १९८० ते १९९४ या काळातले तिथले फोर्कलिफ्टचे बळी मोजले. ते १०२१ भरले, आणि त्यातले २२ टक्के गाडी उलटून गेलेले होते. उपाय साधा आहे: पट्टा बांधलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, आणि गाडी पडते त्याच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवायचं. मी हे उभ्या गाडीत पुन्हा पुन्हा करून घेतो. मी ओरडायचं "डावीकडे!" आणि त्याने उजवीकडे झुकायचं. पोरं हसतात, हसू द्यावं. तोंडी सांगून हे अंगात उतरत नाही, कारण कलायला लागल्यावर विचाराला वेळ नसतो.

पत्रात शेवटी एक छोटा प्रश्न आहे. मागच्या वर्षीचाच ऑपरेटर परत आला तर पुन्हा शिकवायचं का? अमेरिकी नियम तीन वर्षांतून एकदा तरी कौशल्य तपासायला सांगतो, आणि गाडीचा प्रकार किंवा जागा बदलली, चूक किंवा अपघात झाला, तर लगेच उजळणी. आपणही तेवढं धरायला हरकत नाही. एप्रिलमध्ये गेलेला माणूस जानेवारीत येतो तेव्हा अनेकदा नवा रॅक आलेला असतो, रॅम्प वाढवलेला असतो. निदान एक दिवस रिकाम्या पॅलेटवर फिरवा, आणि रॅम्पवर बघा: भरलेला उतरताना तो उलटा येतो का?

राहिला कॉन्ट्रॅक्टर. "माणूस त्याचा, जबाबदारी त्याची" हे पॅकहाऊसवाल्यांचं आवडतं वाक्य. कारखाने कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने दोन गोष्टी एकदम आल्या. शीतगृहात माल साठवणं उत्पादनप्रक्रियेत धरलं गेलं, आणि कंत्राटदारामार्फत आलेला माणूस, मूळ मालकाला माहीत असो वा नसो, तिथलाच कामगार ठरला. तेव्हा डिसेंबरात, हॉल रिकामा असताना, पोरांना बोलवा आणि त्या दिवसांची पूर्ण हजेरी लावा. शिकण्याच्या दिवसाचा रोज बुडणार असेल, तर पेठ-सुरगाण्याहून आलेला कुठला पोरगा म्हणेल की मला येत नाही?