लेझीम आणि हलगीवाला

लेझीम म्हणजे लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तिच्यात ओवलेल्या चकत्या. मूळचा हा तालमीतला व्यायाम. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्येही झाला. पण खेळ चालतो तो हलगीवर. पावसाळी हवेत तिचं कातडं सैल पडतं, म्हणून 15 ऑगस्टला ती आधी जाळावर शेकावी लागते. शिट्टी वाजली की हात बदलायचा. शिट्टीवाल्या सरांचे कान हलगीकडे आणि हलगीवाल्याची नजर पोरांच्या पायांकडे!

आमच्या नगरकडं आता सरावाला स्पीकर लावतात. सोयीचं आहे, कबूल. पण दुसरीतलं पोरगं ठेका चुकलं तर स्पीकर पुढं निघून जातो. हलगीवाला लय जरा धरून ठेवतो, पोरगं परत रांगेत येतं. निदान शेवटचे चार दिवस तरी त्याला बोलवा, आणि मानधन आधीच ठरवा.